काकवीची टाकी

आयर्लंडमधल्या ल्यूकनच्या आमच्या घरात बोलण्यासाठी पूर्वपरवानगी लागे. नियम माझाच होता: इरावतीच्या (म्हणजे माझ्या) कानांवर हेडफोन असल्यास कॉल चालू आहे असे समजावे. बाबांची हयात सांगलीच्या पाटबंधारे खात्यात गेलेली. नियम अन्यायाचा असला तरी लेखी असावा, एवढीच त्यांची अट. मी तो लिहून फ्रिजवर लावला.

ते फेब्रुवारी २०२० मध्ये दोन महिन्यांसाठी आले आणि विमाने बंद पडली. पहिल्याच आठवड्यात जुन्या वस्तूंच्या दुकानातून त्यांनी अमेरिकेच्या इतिहासाचा एक जाडजूड ग्रंथ आणला होता. तो वर्षभर पुरला. वाचलेले ऐकायला घरात मी एकटीच. मग ते चिठ्ठी लिहून माझ्या लॅपटॉपशेजारी ठेवू लागले. 'विषय: राइट बंधूंचे पहिले उड्डाण, १९०३. अपेक्षित वेळ: पाच मिनिटे.'

"बाबा, उड्डाण बारा सेकंदांचं होतं."

"तयारी काही वर्षांची होती. तरी मी पाचच मागतोय."

मी चिठ्ठीवर 'नोंद घेतली' असा शेरा मारून ती परत केली. पुढे कामकाज सुरळीत व्हावे म्हणून कॅलेंडरमध्ये रोज सव्वापाच ते साडेपाच 'बाबा' अशी वेळ राखून ठेवली. सव्वापाचला ते दारात येत तेव्हा माझ्या कानांवर हेडफोन असे. मी एक बोट वर करी. ते मान डोलावून परत जात. सॅन फ्रान्सिस्कोचा भूकंप अशा रीतीने तीन वेळा तहकूब झाला.

शुक्रवार, १५ जानेवारी २०२१. चिठ्ठी आली: 'विषय: बॉस्टन येथील काकवीचा पूर, १९१९. तारीख आजचीच असल्याने निकडीचे.' मी बोट वर केले.

रात्री जेवताना त्यांनी आमटीवरून विषय काढलाच. "पाच मजली टाकी, इरा. आत काकवी. बांधली तेव्हापासून गळत होती. पोरं डबे लावून न्यायची. तक्रारी झाल्यावर कंपनीनं काय केलं असेल?"

"दुरुस्ती."

"आमच्या खात्यात तुला बढती मिळाली नसती." ते भलतेच खूश झाले. "विचार कर. उत्तर उद्या सव्वापाचला."

शनिवारी सकाळी ते उठले नाहीत. डॉक्टर म्हणाले, हृदय.

अंत्यविधीला दहा माणसांची मर्यादा होती. आम्ही सहाच जमलो. मंजूर कोटा पूर्ण वापरला गेला नाही, हे बाबांना आवडले नसते. धाकटा भाऊ देवदत्त नागपूरहून व्हिडिओ लिंकवर होता. त्याचा मेसेज आला: 'ताई, आवाज येत नाहीये.'

कंपनीने तीन दिवसांची रजा दिली. चौथ्या दिवशी माझी मॅनेजर ओर्ला इथल्या सांत्वनाच्या रीतीप्रमाणे म्हणाली, "सॉरी फॉर युअर ट्रबल, इरा. हवा तेवढा वेळ घे." मग तिने दर शुक्रवारी भरायच्या मनःस्थितीच्या फॉर्मची आठवण करून दिली.

फॉर्मला तीन रंग होते. लाल निवडल्यास मनोधैर्यावरचे तासाभराचे वेबिनार अनिवार्य. पिवळा निवडल्यास ओर्लाशी बोलावे लागे, आणि ओर्लाला वेळ नसे. हिरव्याला पुढची कार्यवाही नव्हती. आमची टीम दहा महिने हिरवी होती. मी हिरवा निवडला. स्क्रीनवर उमटले: 'ग्रँड!' म्हणजे इथल्या बोलीत, सगळे ठीक.

दुपारी बाबांचा ग्रंथ उघडला. बॉस्टनच्या पानात ती निकडीची चिठ्ठी होती. कंपनीने टाकीला तपकिरी रंग दिला होता. काकवी तपकिरी, टाकी तपकिरी. गळती दिसेनाशी झाली. मग टाकी फुटली आणि एकवीस माणसे गेली. समासात बाबांनी पेन्सिलीने लिहिले होते: 'नोंद घेतली.'

सव्वापाचला कॅलेंडर वाजले: 'बाबा'. माझा हात आपोआप हेडफोनकडे गेला आणि मी तो कानांवर चढवला. तुम्ही हसू नका. तुमच्याकडे हेडफोन नसेल तर वर्तमानपत्र असेल, निदान 'एक मिनिट हं' तरी असेलच.

दारात कोणी नव्हते. मी हेडफोन काढून टेबलावर ठेवला आणि दाराकडे बघून मोठ्याने म्हटले,

"बाबा, कॉल नव्हता. सव्वापाचला कधीच कॉल नसायचा."