सर्व्हरमधून न उठणारा गवा

एका जंगलात, बाळांनो, एक सर्व्हर होता. हो, जंगलातच. तुम्हाला काय वाटलं, तिथे नुसती झाडं असतात?

सर्व्हर गुहेत. जनावरं आपापल्या बिळातून, ढोलीतून त्यात लॉगिन करायची आणि कामं उरकायची. देखभाल साळिंदरभाऊंकडे.

एकदा सर्व्हर तापून घरघरू लागला. सिंहमहाराज म्हणाले, "साळिंदर, मी शिकारीच्या दौऱ्यावरून येईपर्यंत हा दुरुस्त कर. नाहीतर जेवायला तू. काट्यांचं मी बघून घेईन."

साळिंदरभाऊंनी पद्धतशीर सुरुवात केली. नवीन लॉगिन बंद. आत आहेत त्यांनी काम उरकून बाहेर पडावं. सगळे गेले की यंत्र बंद करून दुरुस्ती. तोवर येणाऱ्याला निरोप दिसे : 'दुरुस्ती चालू आहे. प्रवेश नाही.'

अस्वलीण निघालीच होती. गवा म्हणाला, "वहिनी, थांबा. गेलात तर परत घेणार नाहीत."

"माझं काम झालंय की."

"उद्याचं झालंय?"

वहिनी थांबल्या. मग कोणीच हलेना.

"गवेसाहेब," साळिंदरभाऊ काकुळतीला आले, "तुम्ही तर नुसते लॉगिन करून झोपलाय."

"झोपलोय, पण आत झोपलोय."

बाहेर गव्याचा भाव वाढला. त्याच्या मुलीला स्थळं येऊ लागली. वडील आत आहेत म्हटल्यावर पत्रिकासुद्धा कोणी मागेना.

ढकलून काढावं, तर गव्याला शिंगं होती. शेवटी साळिंदरभाऊंनी ठरवलं, आपणच उदाहरण घालून द्यावं.

"बघा, लॉगआउट असं करायचं," म्हणाले, आणि केलं.

सगळ्यांनी बघितलं. साळिंदरभाऊ परत लॉगिन करायला गेले. दुरुस्ती चालू आहे. प्रवेश नाही.

"गवेसाहेब, तेवढी बंदी आतून उठवा."

"ती तुमच्याच लॉगिनने उठते ना?"

"हो."

"मग या की आत."

इतक्यात महाराज परतले. आधी लॉगिन करून बघितलं. निरोप वाचला. साळिंदरभाऊंनी डोळे मिटून घेतले.

"अरे वा," महाराज म्हणाले, "मला वाटलं, हातच लावला नसशील. चालू आहे म्हणायची."

"चालू आहे, महाराज."

"मग चालू दे. कामातल्या माणसाला मध्येच खाऊन कसं भागेल?"

तेव्हापासून महाराज रोज सकाळी निरोप वाचतात, मान डोलावतात आणि दुसऱ्या कोणाला तरी खायला निघून जातात.

तात्पर्य : बाळांनो, हातातलं काम कधी पूर्ण करू नये. पूर्ण झालेल्या कामात खोट निघते. चालू असलेल्या कामाला सिंहसुद्धा दात लावत नाही.