निरीक्षकसाहेबांचा क्षम्य फरक

भूक लागणे ही निसर्गाची योजना आहे आणि ती भागवण्यासाठी माणसाला जागचे उठावे लागणे, ही त्या योजनेतली उघड त्रुटी आहे. ती दूर करण्यासाठी मानवजातीने बसल्या बसल्या पुष्कळ शोध लावले. तरीही जे अंगाला मानवते ते ताटात यायला वेळ लागतो आणि जे मानवत नाही ते आपल्या पायांनी चालत तोंडापाशी येते, हे दुःख उरलेच. या दुःखावर ज्यांनी स्वतःच्या घरात, स्वतःच्या पोटावर प्रयोग केले, त्या थोर माणसांत वजनमापे खात्याच्या निरीक्षकसाहेबांचे नाव आदराने घ्यावे लागेल. (नाव म्हणजे हुद्दा. खरे नाव त्यांच्या बायकोलाही लागत नाही. ती 'अहो' म्हणते आणि तेवढ्यात काम भागते.)

साहेबांचे काम मोठे जबाबदारीचे. बाजारात फिरायचे, दुकानदारांचे वजनकाटे तपासायचे, काटा खरा निघाला तर त्यावर खात्याचा शिक्का ठोकायचा आणि खोटा निघाला तर उचलून जप्त करायचा. माणूस सचोटीचा. उभ्या नोकरीत दुकानदाराचा चहा घेतला नाही. (पोटात घरच्याच चहाने जागा ठेवली नव्हती, असे हितशत्रू म्हणतात.) आता जगातला कुठलाच काटा अगदी तंतोतंत नसतो, हे खात्याला ठाऊक आहे. म्हणून दयाळू खात्याने प्रत्येक काट्याला थोडी चूक करायची मुभा दिली आहे. तेवढ्यापुरती चूक ही चूक धरायची नाही. तिला क्षम्य फरक म्हणतात. यात गंमत एवढीच की फरक दोन्ही बाजूंना पडू शकतो, पण दुकानात तो हटकून दुकानदाराच्या बाजूला पडतो. "फरक नेहमी तुमच्याच बाजूला कसा पडतो हो?" असे साहेब गरजले की भलेभले व्यापारी कान धरायचे बाकी ठेवत.

साहेबांच्या एकुलत्या एका मुलीला दिवस गेले होते. ती राहते तिसऱ्या मजल्यावर. इमारतीत लिफ्टची जागा आहे, लिफ्ट नाही. (त्या जागेत सायकली ठेवतात. त्या वर जात नाहीत.) एका रविवारी लेकीकडे जाताना साहेब दुसऱ्या मजल्याच्या पायरीवर बसले, ते वरून पाणी येईपर्यंत उठलेच नाहीत. लेक स्वतःचे पोट सांभाळत खाली आली, बापाला वारा घातला आणि म्हणाली, "बाबा, मला दवाखान्यातून आजोबांनी कडेवर घेऊन घरात आणलं होतं ना? माझ्या बाळाला तुम्ही आणायचं. ह्याच जिन्याने. मला बाकी काही नको तुमच्याकडून."

"आणणार म्हणजे आणणार," साहेब म्हणाले. त्यांच्या डोळ्यांत पाणी आले होते, पण घामात ते कोणाला कळले नाही.

दुसऱ्या दिवशी ते आपण होऊन डॉक्टरीणबाईंकडे गेले. बाईंनी त्यांची नाडी, रक्त आणि कंबर तपासली आणि सांगितले, "घरचं साधं जेवा. वेळेवर. एका जागी बसून. आणि पोट भरायच्या थोडं आधी उठा."

एवढी अवघड गोष्ट इतक्या सहज सांगितलेली ऐकून साहेब गांगरले. "यात काही सोयीचा मार्ग नाही का?"

"हाच सोयीचा आहे. दुसरा मार्ग थेट आमच्या दवाखान्याच्या वरच्या मजल्यावरच्या खाटेकडे जातो. तिथे लिफ्ट आहे."

साहेबांनी घरी येऊन 'सुलभ सकस आहार योजना' जाहीर केली. उद्दिष्ट असे की जेवण सकस व्हावे, पण त्यासाठी कोणालाही त्रास पडू नये. "कोणालाही म्हणजे नक्की कोणाला?" बायकोने विचारले. हा मुद्दा पुढच्या बैठकीत घेण्याचे ठरले. (पुढची बैठक अद्याप व्हायची आहे.)

योजनेचा पहिला टप्पा म्हणजे आठवड्याची भाजी रविवारीच चिरून ठेवणे. म्हणजे पुढे आठवडाभर कोणाला विळी-सुरीला हात लावायला नको. त्याप्रमाणे रविवारी बायको दिवसभर चिरत बसली आणि साहेब डब्यांवर वारांची नावे चिकटवत बसले. दोघेही सारखेच दमले, असे साहेबांचे मत पडले. डबे फ्रीजमध्ये मावेनात, म्हणून आतला केक आणि आइस्क्रीम बाहेर काढावे लागले. बाहेर काढलेले अन्न टाकणे साहेबांच्या तत्त्वात बसत नाही. तेव्हा सकस आहाराचा शुभारंभ त्यानेच झाला. गुरुवार उजाडेपर्यंत कोबीने असा काही वास सोडला की शेजारीण नाकाला पदर लावून विचारायला आली, "गॅस गळतोय का हो तुमच्याकडे?"

मग भाज्या चिरायचे यंत्र आले. ते गाजराचा डोळ्यांदेखत भुगा करी. फक्त त्या सुखानंतर त्याची पाती, जाळ्या, झाकणे आणि एक कशाचा आहे ते कधीच न कळलेला दट्ट्या, हे सगळे घासावे लागे. "अहो, मला माझी सुरी बरी. हे तुम्ही वापरा आणि तुम्हीच घासा," बायको म्हणाली. यंत्र माळ्यावर गेले. तिथे ते आजही उत्तम प्रकृतीत आहे.

त्यानंतर हिरवी पूड. एक चमचा पाण्यात ढवळून उभ्याउभ्या घेतली की शेतभर भाजीपाला पोटात गेल्याचे पुण्य लागते, असे पाकिटावरची सडपातळ बाई हसत हसत सांगत होती. साहेब ती नेमाने घेत. एक दिवस चुकवला नाही. ती घेतल्यावर तोंडात जी चव राही ती जावी म्हणून बिस्किटे घेत आणि बिस्किटे कोरडी लागतात म्हणून चहा. हे सगळे नाश्त्याच्या आधी, कारण पूड ही औषधात मोडते.

शेवटी सगळ्यांत सोयीचा उपाय सापडला. कचेरीत थेट सकस डबाच मागवायचा. डब्यात पाने असत. पानांखाली पाने असत. अगदी तळाशी काही उकडलेले दाणे एकमेकांकडे बघत बसलेले असत. आता साहेबांच्या कचेरीत जेवायची एक जुनी पद्धत आहे. सगळ्यांनी आपले डबे टेबलाच्या मधोमध उघडायचे आणि सगळ्यांनी सगळ्यांचे खायचे. आपलाच डबा पुढे ओढून जेवणारा माणूस शिष्ट समजला जातो आणि त्याच्या रजेच्या अर्जावर हेडक्लार्क मग सावकाश सही करतो. साहेबांनी आपला डबा मधोमध ठेवला. सहकाऱ्यांनी पानांचे तोंडभर कौतुक केले आणि त्यांना हातसुद्धा लावला नाही. साहेबांनी मात्र कोणाच्याही डब्यावर अन्याय होऊ दिला नाही. सकस डबा जसाच्या तसा घरी परत येई. संध्याकाळी बायको अन्न वाया जायला नको म्हणून तो संपवी, तोही स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसून, वेळेवर.

हे सगळे नियमाला धरून होते का, अशी शंका मत्सरी लोक काढतील. तर होते. साहेबांनी त्याचा शास्त्रशुद्ध विचार केला होता. जर लोखंडी काट्याला चूक माफ आहे, तर हाडामांसाच्या माणसाला का नसावी? एक बिस्किट म्हणजे क्षम्य फरक. तळलेल्या बटाट्याचा एक काप, क्षम्य फरक. कोणाच्या तरी बढतीचा केक हा तर आग्रहाचा फरक, तो क्षम्यहूनही क्षम्य. हा फरक दिवसाला एकदा धरायचा की दर घासाला, याबद्दल परिपत्रक नव्हते. आणि जिथे परिपत्रक नसते तिथे अधिकाऱ्याने आपला विवेक वापरायचा असतो. साहेबांचा विवेक चांगला खातापिता होता.

"अहो, हा तुमचा फरक एकदा तरी कमी खाण्याच्या बाजूला पडू दे की!" बायको म्हणाली. साहेबांनी तिच्याकडे दुखावल्या नजरेने पाहिले. हे वाक्य कुठेतरी ऐकल्यासारखे त्यांना वाटले, पण आठवेना.

राहिला वजनाचा प्रश्न. घरी न्हाणीघरात एक छोटा वजनकाटा होता. योजनेला बरेच दिवस झाल्यावर साहेब त्यावर उभे राहिले. आकडा वर गेलेला. साहेब खाली उतरले, चष्मा पुसला, पुन्हा चढले. काटा आपल्या म्हणण्यावर ठाम. एवढा उर्मट काटा त्यांनी अख्ख्या बाजारात पाहिला नव्हता. त्यांनी तो सदोष ठरवून रीतसर जप्त केला, सुतळीने बांधला आणि लाख लावून मोहोर केली. मग मेहुण्याचा काटा मागवला. तोही सदोष निघाला. मेहुणा आपला काटा मागायला आला तर साहेब म्हणाले, "पुरावा आहे तो. असा परत देता येत नाही." मेहुण्याने बहिणीकडे बघितले. "मी हात टेकलेत," बहीण म्हणाली.

असे सर्व सुरळीत चालले असताना साहेब धान्याच्या व्यापाऱ्याकडे तपासणीला गेले. त्याच्याकडे पोती मोजायचा मोठा, जमिनीवरचा काटा आहे. साहेबांनी खात्याची वजने ठेवून बघितली, काढून बघितली, चारी कोपऱ्यांत सरकवून बघितली. काटा सोन्यासारखा. साहेब इतके खूश झाले की त्यांनी शिक्का ठोकला आणि त्याच आनंदात, जाता जाता, स्वतः काट्यावर चढले.

आकडा आला. तो मेहुण्याच्या काट्यापेक्षाही थोडा जास्त होता.

साहेबांनी बूट काढले. किल्ल्यांचा जुडगा काढला. श्वास सोडला. "काटा चुकतोय," ते म्हणाले.

व्यापाऱ्याच्या तोंडचे पाणी पळाले. "अहो साहेब, आत्ता तर शिक्का ठोकलात तुम्ही! हातोडी अजून हातात आहे तुमच्या! चुकत असेल तर माझं दुकान बंद होईल हो!"

गिऱ्हाइके पिशव्या घेऊन रांगेत उभी होती. सगळ्यांनी साहेबांच्या मोज्यांकडे पाहिले, मग आकड्याकडे पाहिले. काटा खोटा म्हणावा तर शिक्का खोटा, आणि त्या शिक्क्यावर साहेबांची उभी नोकरी टांगलेली. काटा खरा म्हणावा तर... साहेब काट्यावरून खाली उतरले. मग पोत्याला सांगावे तसे हळूच म्हणाले, "काटा बरोबर आहे."

लाजेने त्यांचे कान तापले होते. त्या दिवशी ते दुपारी जेवले नाहीत. खरे सांगायचे तर त्या दिवशी योजना पहिल्यांदा अमलात आली. पण दुसऱ्या दिवशी त्यांनी प्रकरणाचा थंड डोक्याने फेरविचार केला आणि निष्कर्ष काढला की काटा खरा, शिक्का खरा, चुकली ती वेळ. वजन सकाळी करायचे असते. लेकीला अजून अवकाश आहे, तोवर एक नवी योजना सहज बसेल.

बाळाने मात्र खात्याची परवानगी न घेता थोडी घाई केली.

दवाखान्यातून गाडी इमारतीखाली आली. लेकीने ते गाठोडे बापाच्या हातात दिले. इवलीशी नात, मुठी आवळून झोपलेली. साहेबांनी तिला छातीशी धरले आणि चढू लागले. पहिला मजला झाला. दुसऱ्याच्या अर्ध्यात त्यांच्या छातीत भाता सुरू झाला, डोळ्यांपुढे कठडा हलायला लागला, आणि साहेब घाबरले. आयुष्यात पहिल्यांदा इतके घाबरले. स्वतःचे काही नाही, पण हातातले निसटले तर? ते कसेबसे त्याच जुन्या पायरीवर बसले.

बायको मागून आली. तिने नातीला त्यांच्या हातातून अलगद घेतले आणि धाप न लागता वर निघून गेली. (परत आलेले सकस डबे असे कामाला आले.) तिच्यामागून लेक आली, जावयाच्या खांद्याचा आधार घेत, टाके सांभाळत, एकेक पायरी. बापाजवळ क्षणभर थांबली.

"बाबा, तुम्ही सावकाश या," असे म्हणून तीही पुढे गेली.

वर दार उघडल्याचा आवाज आला, मग हसण्याचा. साहेब पायरीवर बसून रडले. मनापासून रडले, यात काही क्षम्य फरक नव्हता. तेवढ्यात दुसऱ्या मजल्यावरची शेजारीण बाळाची बातमी ऐकून केक घेऊन बाहेर आली. "आजोबा, तोंड गोड करा!" साहेबांनी डोळे पुसले, मान हलवून नको म्हटले आणि मग त्यातला एवढासाच तुकडा उचलला.

वाचकहो, हसलात ना? हसा. साहेबांच्या जागी तुम्ही असता तर सोमवारपासून सुरुवात केली असती, हे आम्हाला ठाऊक आहे. ही कथा वाचता वाचता तुमचा हात बाजूच्या डब्यात किती वेळा गेला, ते आम्ही विचारत नाही. एवढे तर चालतेच. तुमचा काटा अगदी खरा आहे. फक्त त्यावर शिक्का कोणी ठोकलाय, तेवढे एकदा वाकून बघा. वाकता येत असेल तर.