बुरशीचं नाव कोण घेणार

"नवऱ्याचं नाव घ्यायला बाई लाजती, तसं चाललंय ह्या दोघांचं," शालनबाई बाटली विसळता विसळता शेजारच्या गोजाबाईला पुटपुटली. "ती निदान उखाण्यात तरी घेती."

साल छप्पन्न. चिंचवडच्या माळावर एका शेठजींनी औषधाचा लहानसा कारखाना काढला होता. बाटल्या धुण्याची मोरी होती, तिथं तीन वर्षांपूर्वी शालनबाईच्या घरची ज्वारी उभी असायची. जमीन गेली, बदल्यात घरटी एक नोकरी आली. नवरा दम्यानं बसून, म्हणून ती हिच्या वाट्याला. बाटल्या धुवायच्या, आणि साहेब नाव घेतील ती बुरशी फळीवरून आणून द्यायची. बाटल्यांवर चिठ्ठ्या होत्या, पण शालनबाईला वाचता येत नव्हतं. तिनं नावं कानानं पाठ केली होती. वर्षभरात एकदाही चुकली नव्हती.

घोळ सुरू झाला तो मुंबईहून दुसरे शास्त्रज्ञ, उद्धवराव, आले तेव्हापासून. आधीपासूनचे शास्त्रज्ञ, पुण्याचे लक्ष्मणराव, औषधाच्या बुरशीला, म्हणजे जिच्यापासून पेनिसिलिन काढायचं तिला, 'क्रायसोजीनम' म्हणायचे. उद्धवराव पहिल्याच दिवशी हसले आणि 'क्रिसॉजेनम' म्हणाले. लक्ष्मणरावांनी डिक्शनरी आणली, उद्धवरावांनी आपल्या प्रोफेसरांचं पत्र आणलं. फळीवर एक काळी, निरुपयोगी बुरशीही होती. तिच्या 'ॲस्परजिलस'मधला ज गोऱ्या लोकांत ग होतो की नाही, यावर दोघांचा डबा एकत्र खाणं बंद झालं.

शेवटी मॅनेजर सयाजीराव मध्ये पडले. पुढच्या सोमवारी विलायतेहून तज्ज्ञ साहेब कारखाना पाहायला येणार होता. त्याचा शेरा चांगला पडला तर शेठजी नवी इमारत बांधणार होते. सयाजीरावांनी ठरवलं, की साहेब येऊन नाव घेईल, ते कान देऊन ऐकायचं आणि तेच खरं मानायचं. तोवर कारखान्यात कुणी नाव घ्यायचं नाही. खुद्द सयाजीरावांनाही ते घेता येत नव्हतं, हा भाग वेगळा.

मग हनुवटीचा कारभार सुरू झाला. "ती आणा", "ती ठेवा", "ती नको, ती". शनिवारी लक्ष्मणरावांनी फळीकडे हनुवटी उडवली आणि शालनबाईला सांगितलं, की ती वाफेच्या टाकीत घालून मारून टाका, सोमवारी साहेबाला दिसायला नको. शालनबाईनं एका बाटलीवर बोट ठेवलं.

"ही का? नाव काय हिचं, सायेब?"

दारात उद्धवराव उभे होते. लक्ष्मणरावांनी बाटलीकडे न बघताच त्यांच्याकडे बघितलं.

"नावाशी काय करायचंय तुम्हाला? तीच."

शालनबाई घुटमळली. पण हुकूम तो हुकूम. औषधाची बुरशी अर्धा तास वाफेत शिजली, आणि काळी फळीवर तशीच डौलात बसून राहिली.

सोमवारी सकाळी हे ध्यानात आलं तेव्हा साहेबाची गाडी फाटकात होती. मेलेली बाटली पुसूनपासून जागेवर ठेवण्यात आली. साहेबानं ती हातात घेतली. लक्ष्मणराव पुढे वाकले, उद्धवराव त्याहून पुढे. सयाजीरावांनी तर फेटा कानावरून वर सरकवला. साहेबानं बाटली उजेडाला धरली, हलवली, आणि हे मेलंय, एवढंच बोलून खाली ठेवली. नाव त्यानं घेतलंच नाही. चहाही घेतला नाही.

नवी इमारत हातची गेली. नवी बुरशी यायला दोन महिने लागणार होते. शेठजींनी विचारलं, जबाबदार कोण? त्या प्रश्नावर लक्ष्मणराव आणि उद्धवराव पहिल्यांदाच एकमतानं बोलले, आणि त्या दुपारी डबाही एकत्र खाल्ला.

बुधवारी शालनबाईला ऑफिसात बोलावलं. टेबलावर शाईची डबी आणि टाइप केलेला कागद. सयाजीरावांनी वाचायला घेतलं. "मी, शालनबाई, लिहून देते की मला लक्ष्मणरावांनी काळी बुरशी, म्हणजे..." ते थांबले. दोघांकडे बघितलं. दोघांनी छताकडे बघितलं. "...म्हणजे सदर बुरशी, स्पष्ट नाव घेऊन मारण्यास सांगितली असता, मी अडाणीपणामुळे दुसरी, म्हणजे... सदर बुरशी मारली. सबब मला कामावरून कमी करण्यास माझी हरकत नाही."

"करा अंगठा, बाई," लक्ष्मणराव हळूच म्हणाले. त्यांचा आवाज जरा पडला होता.

शालनबाईनं हात पदराखाली घेतला.

"मारायची ती सदर, आन् मारली ती बी सदर. कागदावर तरी नाव घ्या की, सायेब."

सयाजीरावांनी शाईची डबी तिच्यापुढे सरकवली.

"मग मी घेती. मारायची हुती ॲस्परजिलस. जगवायची हुती ती क्रायसोजीनम. ह्ये रावसायेब क्रिसॉजेनम म्हंत्यात, तीच. तुमी कसं बी म्हनला असता तरी मला कळलं असतं. तुमी म्हनलाच न्हाईत."