अर्ध्या दाढीचे मत

सरकारकडे एकसष्ट मते होती आणि विरोधकांकडे साठ. हे जास्तीचे एक मत सांभाळणे म्हणजे सत्ताधारी पक्षाच्या प्रतोदांचे काम. आपला प्रत्येक खासदार मतदानाला हजर आहे ना, हे प्रतोदाने पाहायचे असते. त्यामुळे गेले वर्षभर ते खासदारांच्या सर्दीखोकल्याची चौकशी त्यांच्या बायकांपेक्षा जास्त करत होते.

त्या दिवशी अर्थसंकल्पावर मतदान होते. तो नामंजूर झाला की सरकार गेलेच. घंटा सुरू झाली. ती आठ मिनिटे वाजते, मग दारे बंद होतात आणि खुद्द पंतप्रधान बाहेर राहिले तरी उघडत नाहीत. प्रतोदांनी बाकांवरून नजर फिरवली. आजोबांची जागा रिकामी होती.

आजोबा म्हणजे पक्षातले सर्वांत ज्येष्ठ खासदार. प्रतोद वाचनालयात डोकावले, उपाहारगृहात डोकावले, आणि शेवटी तळमजल्यावर न्हाव्याच्या खुर्चीत आजोबा सापडले. एक गाल तुळतुळीत, दुसऱ्यावर फेस. शेजारच्या खुर्चीत विरोधी पक्षाचे प्रतोद, तेही फेस लावून, न्हाव्याला त्याच्या मुलीच्या लग्नाची हकीकत विचारत होते. न्हावी बोलण्यात रंगला की त्याचा वस्तरा थांबतो, हे त्या पठ्ठ्याला पक्के ठाऊक होते.

"दाढी पुरी झाल्याशिवाय मी उठायचा नाही," आजोबा म्हणाले.

"आजोबा, सरकार पडेल हो."

"पडू दे. असा वर गेलो तर लोक हसतील."

प्रतोदांनी पुढे चर्चा केली नाही. आजोबांना दंडाला धरून, गळ्यातल्या टॉवेलसकट, त्यांनी दोन जिने चढवले आणि घंटा थांबता थांबता आत ढकलले. शिपायाने लगेच कडी घातली. आत मोठा हशा पिकला. प्रतोद मात्र बाहेरच राहिले; सगळ्यांना मोजणारा हा माणूस स्वतःला मोजायला विसरला होता.

त्यांनी बोटांवर हिशेब केला. साठ विरुद्ध साठ म्हणजे अर्थसंकल्प नामंजूर. तेवढ्यात विरोधी प्रतोद फेस पुसत, धापा टाकत आले आणि बंद दाराकडे बघत उभे राहिले. म्हणजे साठ विरुद्ध एकोणसाठ. प्रतोदांचा जीव भांड्यात पडला. ते दाराबाहेरच्या बाकावर बसले आणि सरकून पाहुण्याला जागा करून दिली.

दार उघडले तेव्हा सरकार एका मताने पडले होते.

"मीच विरोधात मत दिलं," बाहेर येत आजोबा म्हणाले. "तीस वर्षं पक्षाचं मुकाट्यानं ऐकलं. पण चारचौघांत असं हसं करून घेणार नाही." मग ते विरोधी प्रतोदांकडे वळले. "आजपासून मी तुमच्याकडे. जरा दाढी उरकून येतो."

आजोबांना आणि विरोधी प्रतोदांना खुर्चीतच सोडून आपण आत बसलो असतो तर साठ विरुद्ध एकोणसाठने सरकार वाचले असते, हे प्रतोदांच्या आत्ता लक्षात आले. त्यांना फार वाईट वाटायला हवे होते. पण वर्षभरात पहिल्यांदाच त्यांना हलके वाटत होते. आता एकसष्ट मते समोरच्यांची होती आणि एकसष्टावे आजोबांचे होते. विरोधी प्रतोदांनाही ते उमगले असावे, कारण त्यांच्या चेहऱ्यावरचे हसू हळूहळू मावळत गेले.

"गोळ्या सकाळी नऊला," प्रतोद त्यांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले. "दुपारी दोन तास झोप. आणि दाढी ते रोज करतात."