हातगुण सरकारजमा झाला त्याची हकीकत

श्रीगजाननास नमून, आणि ऐकणाराचे कान जाग्यावर आहेत ऐसे धरून, लिहिले जाते. शके सोळाशे त्र्याण्णव, खरनाम संवत्सरे, एके दौलतीत सोडतीची चाल पडली. रयतेने रुपयास चिठी घ्यावी, हुजुरांनी महिन्याने घड्यातून आकडा काढावा, आणि ज्याचा आकडा त्यास लाख रुपये. विकणारास शेकडा पाच दलाली, आणि ज्याचे हातची चिठी लाखास लागेल त्यास वर एक हजार, 'हातगुणाचे' म्हणून, ऐसा ठराव जाहला.

पेठेचे वेशीपाशी चांगोजी चिठ्या विकीत असे. त्याची बायको मथाबाई तापाने अंथरुणास खिळली होती आणि हकीम फुकट पाऊल उचलीत नव्हता. मग एके सोडतीस चांगोजीचे हातची चिठी लाखास लागली आणि तो हजार मागावयास कचेरीत गेला. चिटणीस त्र्यंबकपंत यांनी ठराव तीनदा वाचिला आणि पुसिले, "हजार कशाचे?"

"हातगुणाचे, पंत."

"म्हणजे गुण हातात आहे, हे तूच कबूल करतोस. चिठी दौलतीची, चाकरी दौलतीची. तेव्हा हात तुझा, पण गुण दौलतीचा. तो पानतमाखूत खर्च होता नये."

ऐसे बोलून त्याचे उजवे हातास मखमली पिशवी चढविली आणि मनगटी लाखेची मोहर केली. विक्रीसमयी शिपायाने मोहर काढावी, विक्री सरताच पुन्हा करावी, आणि मोहर शाबूत तोवर हजारापैकी दरमहा शंभर द्यावे, ऐसा हुकूम जाहला. मग हकीम येऊ लागला, आणि चांगोजी डावे हाताने जेवू लागला, आणि पेठकरी पुसू लागले, "काय चांगोजी, पिशवीत उबवणीला काय घातलंय?" तेही त्याने सोसले.

तिसरे महिन्यात भर दुपारी मथाबाईस धाप लागली. चांगोजीने फुलपात्र पुढे केले. तिने तोंड फिरविले.

"डाव्या हातचं नको."

"मोहर तुटली तर हकीम यायचा नाही गं."

"सकाळी आला होता की. दारात तुमच्यापाशी काय बोलला, ते ऐकलंय मी. आता पाणी तरी उजव्या हातानं द्या."

मग चांगोजीने दातांनी लाख फोडिली आणि पिशवी भिरकाविली आणि पिशवीत पांढरा पडलेला तो हात तिचे हनुवटीखाली धरून पाणी पाजिले. दोन घोट उतरले. तिसरा ओघळला.

दुसरे दिवशी पंतांनी 'गुण पाण्यात खर्ची पडला' ऐसा शेरा मारिला आणि परवाना काढून घेतला आणि रिकामी पिशवी कचेरीचे दारी टांगिली. मग रयत पिशवीस हात लावून चिठ्या घेऊ लागली आणि विक्री दुप्पट जाहली. पिशवीस दलाली द्यावी लागत नाही, हे पाहून हुजूर बहुत संतोष पावले.

एवंच, हातगुण सरकारजमा जाहला तो ऐसा. हात तेवढा चांगोजीस परत मिळाला.