मच्छरदाणीतली बंदूक

भर दुपारी, माणसं जेवून जरा लवंडतात त्या वेळेला आमचे शेजारी झुंबरशेठ मच्छरदाणीत मांडी घालून बसतात. झोपायला नव्हे, बंदूक जोडायला.

शेठ जैन. डास मारायचा प्रश्नच येत नाही, म्हणून त्यांच्या घरच्या मच्छरदाण्या आधीपासूनच भक्कम. पण ही बाहेरच्या खोलीतली, चारी कोपरे खिळ्यांना ताणून बांधलेली मच्छरदाणी डासांसाठी नाही. बंदुकीच्या आतले बारके भाग उडून जाऊ नयेत म्हणून ती आहे. आत शेठ, त्यांच्या कपाळाला वाकवून बांधलेली बॅटरी, पुढ्यात पांढरी चादर आणि चादरीवर कांचनभाभींचा मसाल्याचा डबा. जिथं मोहरी असायची तिथं स्क्रू, जिऱ्याच्या वाटीत पिना, हळदीच्या वाटीत स्प्रिंगा. रस्त्यानं जाणारा माणूस खिडकीतून हे दृश्य बघतो आणि थांबतोच.

बंदूक म्हटल्यावर वाचकांनी दचकू नये. हवेची बंदूक आहे, कागदावरच्या गोलात छर्रा मारायची. तीही शेठची नाही, त्यांच्या एकुलत्या एका लेकीची, सोनलची. सोनल शाळेत असताना नेमबाजी करायची, बक्षिसं आणायची. शेठचं जुन्नरच्या बाजारात हार्डवेअरचं दुकान. रस्त्यात मुंग्यांची रांग लागली तर वळसा घालून जाणारा हा माणूस लेकीची बंदूक छातीशी धरून तिच्यामागून एसटीत चढायचा, तेव्हा कंडक्टर तिकीट फाडायच्या आधी त्यांचं तोंड न्याहाळायचा. समाजातल्या वडीलधाऱ्यांनी एकदा विचारलंच, "झुंबर, आपल्यात बंदूक?" शेठ शांतपणे म्हणाले, "कागूद मरतो फक्त."

आता सोनल हैदराबादला नोकरीला आहे आणि बंदूक माळ्यावर होती. परवा-परवा तिचा फोन आला, "पप्पा, शनिवारी येतेय. माझी बंदूक काढून ठेवा, बघते कशी आहे ती." एवढंच. शेठनी बंदूक काढली, जरा तेल द्यावं म्हणून चापाजवळचे स्क्रू सोडले आणि आतलं सगळं गणगोत त्यांच्या मांडीवर सांडलं. त्या दिवसापासून माणसाला दुसरा विषय नाही. पोरगी यायच्या आत बंदूक जोडलेली पाहिजे.

गणगोत मी उगाच म्हटलं नाही. शेठनी प्रत्येक भागाला नाव दिलंय. चापाची बारकी स्प्रिंग म्हणजे 'जावईबापू', कारण जरा बोट लागलं की उसळून निघून जातात. दोन सारख्या पिना आहेत त्या 'जावा-जावा'. "धाकलीला आत सारली का थोरली भाईर," शेठ हताशपणे सांगतात. एक वायसर आहे, तो सगळं जोडून झाल्यावर चादरीवर उरलेला दिसतो. त्याचं नाव 'पावणा'.

काम करताना शेठ एकच मंत्र पुटपुटतात. "बसतंय... बसतंय..." मग आतून टिक्कन आवाज होतो. "नाय बसलं."

मच्छरदाणीची कल्पना सुचायच्या आधी जावईबापू पहिल्यांदा रुसले ते ऐन जेवणाच्या वेळी. मी दारात पाऊल टाकत होतो तोच शेठ ओरडले, "मास्तर, हालू नका! कुणीच हालू नका!" मी एक पाय उंबऱ्यावर, एक पाय अधांतरी असा उभा. शेठनी दुकानातून लोहचुंबक आणलं, त्याला सुतळी बांधली आणि अख्ख्या घरात ते कुत्र्याच्या पिल्लासारखं फिरवलं. भाभींच्या केसांच्या पिना निघाल्या, कपाटाखाली गेलेली किल्ली निघाली, जावईबापू काही निघेनात. शेवटी भाभी आमटी वाढायला बसल्या आणि पळीत काहीतरी खणखणलं.

"मास्तर," भाभी पळी माझ्यापुढं धरून म्हणाल्या, "आमच्यात कांदा चालत न्हाई, बटाटा चालत न्हाई. आता लोखंड चालतंय."

गावात बातमी पसरायला काय लागतं? इकडं बिबट्याचा वावर नेहमीचा, त्यामुळे शेठनी बिबट्यासाठी बंदूक आणली, असं बाजारभर झालं. डिंगोरे गावचे बबनराव पाण्याच्या मोटरीचं सामान न्यायला दुकानात आले, तेव्हा मी तिथंच होतो.

"शेठ, माकडांनी टमाट्याचा पार बाजार उठिवलाय. तुमची ती बंदूक द्या की दोन दिस."

"बबनराव, ती कागदावर झाडायची हाय."

"मंग माकडाला कागूद चिटकवू का?"

शेठ हसले नाहीत. एक तर बंदूक द्यायला ती जोडलेली नव्हती, आणि दुसरं म्हणजे माकडाचं नाव काढल्यानंच त्यांचा जीव कळवळला होता. त्यांनी बबनरावांना वाजवायला एक पत्र्याचा डबा फुकट दिला.

दुखणं असं होतं की सगळं जोडलं, जावा-जावा गुण्यागोविंदानं नांदायला लागल्या, पावणासुद्धा आत गेला, तरी चाप ओढला की ओढलेलाच राहायचा. परत यायचं नाव नाही. शेठनी मोबाईलवर कुणा गोऱ्याचा व्हिडिओ लावला. तो गोरा शीळ घालत हसत हसत सगळं जोडून मोकळा होतो. नेमकी स्प्रिंग बसवताना त्याचा अंगठा मध्ये येतो. शेठनी तो अंगठा इतक्यांदा पाहिला की त्याच्या नखावरचा डागसुद्धा त्यांना पाठ झाला.

मी शाळेत चित्रकला शिकवतो. तेव्हा व्हिडिओ बघून आतल्या भागांची आकृती काढून द्यायची कामगिरी माझ्यावर आली. मी मन लावून काढली. छायाप्रकाश दिला, नळीवर चकाकी दाखवली. शेठनी कागद लांब धरला, जवळ धरला.

"मास्तर, चित्र लई झ्याक झालंय. भिंतीला लावू आपण. पर स्प्रिंगीचं टोक कुठं अडकतंय?"

ते टोक मी छायेत घातलं होतं.

दिवस सरत चालले तसे शेठ हळवे व्हायला लागले. दुकानात गिऱ्हाईकाला कडी-कोयंडा देतानाही बोटं हवेत काहीतरी बसवत असायची. "मास्तर, पोरीनं एवढी एक वस्तू सांगितली व्हती," ते म्हणायचे. "बाकी काय मागती ती आपल्याकडं? सगळं हाय तिच्याजवळ." मी 'होईल हो' म्हणायचो.

आणि झालं. शुक्रवारी शाळा सुटून मी घरी येतोय तर शेठ ओसरीवरून हाका मारतायत. डोक्यावर मच्छरदाणीचं एक टोक अडकून सुटून आलेलं, त्याचं त्यांना भान नाही.

"स्प्रिंगीचा पाय पिनीच्या मागं पायजे व्हता! मी आपला फुडं घेत व्हतो! हा बघा, हा!"

त्यांनी चाप ओढला. सोडला. खट्. परत आला. ओढला, सोडला, खट्. मग मला ओढायला लावला, भाभींना ओढायला लावला. भाभींनी पीठ लागलेल्या बोटानं ओढला आणि त्यांनाही हसू आलं. सूर्य मावळल्यावर त्यांच्यात जेवत नाहीत, म्हणून दिवस असतानाच घाईघाईनं शिरा झाला. आम्ही तिघांनी ओसरीवर बसून खाल्ला. भिंतीला टेकवलेली ती बंदूक शेठ मधूनमधून नुसती बघत होते. त्या माणसाकडं बघून मला फार आनंद झाला.

शनिवारी सकाळी सोनल यायच्या आधी मी कौतुकानं तिकडं डोकावलो. बाहेरच्या खोलीत मच्छरदाणी ताणलेली. आत शेठ. पुढ्यात चादर. चादरीवर स्क्रू, पिना, स्प्रिंगा, सगळं पुन्हा सुटं.

मी चक्क चिडलो. "शेठ, अहो काल तर बसली होती!"

"बसली व्हती," शेठ म्हणाले. मान वर नाही.

"मग बिघडली कशी?"

"बिघाडली न्हाई. मी सोडली."

मी काही बोलायच्या आत त्यांनी मच्छरदाणीची कड उचलली आणि आवाज खाली आणला.

"मास्तर, मागल्या टायमाला ती आली, तवा मी समदं तयार ठिवलं व्हतं. तिची खोली झाडून, बँकेचं काम करून, जेवान तयार. आली, जेवली, म्हणली, पप्पा, सगळं मस्त हाय. अन् चारच्या गाडीनं गेली. आमी तिला थांबायला काय ठिवलंच न्हाई." त्यांनी चादरीवरच्या पिना उगाच सारख्या केल्या. "जोडलेली बंदूक बघायला कितीसा येळ लागतो?"

आतून भाभी आल्या. आठवडाभर या बंदुकीला शिव्याशाप देणाऱ्या भाभी म्हणाल्या, "मीच म्हनलं, सोडा परत. मास्तर, तिच्याफुडं काय बोलू नका बरं का."

दहा-पंधरा मिनिटांत रिक्षा थांबली. सोनल उतरली, पाठीला छोटी सॅक, कानाला फोन. दारातच तिनं फोन बाजूला धरला.

"पप्पा! हे काय करून ठेवलंय?"

"जमंना गं बाई," शेठ म्हणाले. असा खचलेला चेहरा मी त्यांचा खऱ्या पराभवाच्या दिवसांतही पाहिला नव्हता. "चाप जातो तो परतच येत न्हाई. तुझ्याबिगर व्हायचं न्हाई हे."

सोनलनं घड्याळ पाहिलं. मग बापाकडं पाहिलं. फोनवर "नंतर बोलते" म्हणाली, सॅक खुर्चीवर टाकली, बाह्या वर सारल्या.

"सरका जरा."

ती मच्छरदाणीत शिरली. दोघांची डोकी चादरीवर वाकली. मी निघून आलो खरा, पण दुपारी पुन्हा काहीतरी निमित्त काढून गेलोच. जेवणाची ताटं मच्छरदाणीच्या बाहेर तशीच पडली होती.

"पप्पा, स्प्रिंगचा हा पाय पिनेच्या मागं जातो. तुम्ही पुढं घेत असणार."

"व्हय का? मला काय म्हाईत."

बाजारातून चारची गाडी निघते तेव्हा तिचा हॉर्न आमच्या गल्लीत ऐकू येतो. तो आला, विरला. सोनलनं मान वर केली नाही. भाभी स्वयंपाकघराच्या दारात पदर तोंडाला लावून उभ्या होत्या.

"असं," सोनल म्हणाली. "बघा, बसली."

"थांब," शेठ म्हणाले. "मला कळलं न्हाई. काढ ती, अन् परत एकदा दाखव."