जखमेची पाहणी

बोक्याच्या मागच्या पायाला जखम झाली तेव्हा ती चिंचोक्याएवढी होती, अशी नोंद आहे. नोंद आबांची. आबा तपासणी खात्यातून निवृत्त झाले होते. तपासणी त्यांच्यातून निवृत्त झाली नव्हती.

जनावरांच्या डॉक्टरांनी सुनेला बजावलं होतं, "या सलाइनने रोज दोनदा धुवा, पट्टी बांधा, गळ्यात कॉलर राहू द्या. चाटू देऊ नका. आणि मधेमधे उघडून बघू नका. चिघळली तर पाय जाईल."

सुनेने जखम धुतली, पट्टी बांधली. बोका निजला. आबा मात्र अस्वस्थ.

"आत काय चाललंय ते कसं कळणार?"

"बरं होतंय, आबा."

"कशावरून? प्रत्यक्ष पाहणीशिवाय शेरा मारायची आपली पद्धत नाही."

सून कामावर गेली आणि पट्टी सुटली. वहीत शेरा पडला: 'स्थिती समाधानकारक.' एकट्याचा शेरा मनमानी ठरतो, म्हणून शेजारचे मास्तर आले. त्यांनी बोटाने दाबून पाहिलं. टाक्यांतलं कळतं म्हणून शिंपीही आला. समिती झाली. चार दिवसांत चिंचोक्याचं लिंबू झालं. आबांनी लिहिलं, 'प्रकरण चिघळत आहे. पाहण्या वाढवाव्यात.'

पाचव्या दिवशी आबांची पावलं वाजली आणि बोका पलंगाखाली शिरला. रोज त्यांच्याच मांडीवर झोपणारा बोका. आबांना ते लागलं.

"सहकार्य करत नाही," ते म्हणाले.

"तुमचं गळू मी किती जणांना दाखवलं होतं, आबा?"

सुनेने बोक्याला उचलून मागच्या खोलीत नेलं, कुलूप लावलं, किल्ली कमरेला खोचली. धुणं, पट्टी, सगळं दाराआड. समिती बाहेर बसून राहिली. पाहायला दारच उरलं, म्हणून दाराची पाहणी झाली. 'दार समाधानकारक.'

तीन आठवड्यांनी बोका चारही पायांवर बाहेर आला. आबांनी अहवाल पुरा केला: 'समितीच्या अथक पाहणीमुळे जखम भरली.' मास्तरांनी सही केली, शिंप्याने अंगठा.

बोका विचार करून आबांच्या मांडीवर चढला. आबांचा हात हळूच त्या पायाकडे सरकला.

"आबा."

"बघत नाहीये. नुसती खात्री करतोय."

जखम खरंच भरली का, एकदा केस बाजूला सारून बघावं, असं तुमच्याही मनात आलंच असेल. या, वहीत सही करा. बोका मात्र आता तुमचीही पावलं ओळखतो.